समुद्रघोड्याची पिल्ले आणि घरातील काचेची टाकी

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर मासळीची निवड चालू असताना कोळंबीच्या ढिगातून एखादा जिवंत समुद्रघोडा हाती यावा, त्याचे फुगलेले पोट पाहून कुणा हौशी इसमाने त्याला खाऱ्या पाण्याच्या बादलीत घालून घरी न्यावे, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्या बादलीत शेकडो पिल्ले उभ्या अंगाने तरंगताना दिसावीत, असा प्रसंग आपल्या किनाऱ्यावर मासेमारीच्या मोसमात केव्हाही घडू शकतो. आणि त्यानंतर विचारला जाणारा प्रश्नही ठरलेला असतो : ही पिल्ले घरच्या टाकीत जगवावी कशी? विचारणाऱ्याच्या मनात बहुधा जीवदयाच असते. तथापि उत्तर देणाराने आधी हे स्पष्ट सांगणे भाग आहे की, रत्नागिरीतील घरात ती पाळण्याचा अधिकार आपणांस नाही, आणि तो असता तरी बादलीत अवचित जन्मलेली पिल्ले पूर्वतयारीवाचून जगत नाहीत. त्यांच्या अन्नाची सिद्धता त्यांच्या जन्माच्या आधी व्हावी लागते, नंतर नव्हे.

मग संगोपनाची माहिती द्यावयाची कोणासाठी? परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या आप्तांपैकी पुष्कळांना टाकीतच पैदास झालेले समुद्रघोडे रीतसर विकत मिळतात, आणि पिल्ले झाली की त्यांचा पहिला फोन गावच्या मत्स्यशास्त्र शिकणाऱ्या भाच्याला जातो. परवानाधारक संस्थांत शिकणारे विद्यार्थीही आहेत. या दोहोंसाठी पद्धत सांगतो, आणि ज्यांना रत्नागिरीतच हा छंद करावयाचा आहे त्यांच्यासाठी एक निर्वेध पर्यायही.

प्रथम कायदा

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे ज्या यादीत वाघ आणि हत्ती आहेत तिच्यात, २००१ साली समुद्रघोडे आणि त्यांचे सगोत्र नळीमासे अशा सबंध कुलाचा समावेश करण्यात आला. त्यापूर्वी, विशेषतः तमिळनाडूच्या किनाऱ्यावरून, वाळवलेले समुद्रघोडे पूर्व आशियातील पारंपरिक औषधांसाठी मोठ्या प्रमाणावर बाहेर जात असत. आंतरराष्ट्रीय व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या ‘सायटीस’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टातही ते आले असून त्या निर्णयाचा अंमल मे २००४ पासून सुरू झाला. गृहस्थाला यातून लक्षात ठेवावयाच्या गोष्टी अशा :

- या कायद्याच्या भाषेत ‘शिकार’ म्हणजे केवळ ठार मारणे नव्हे; पकडणेही शिकारीतच मोडते.
- असा प्राणी सरकारी मालमत्ता समजला जातो. तो कोणत्याही मार्गाने कबजात आल्यास ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यास किंवा वनखात्याच्या प्राधिकृत अधिकाऱ्यास वर्दी दिली पाहिजे. ‘मला सापडला, मी पकडला नाही’ एवढ्याने जबाबदारी सुटत नाही.
- पहिल्या अनुसूचीतील प्राण्यासंबंधीच्या गुन्ह्यास किमान ३ वर्षे आणि कमाल ७ वर्षे कारावास, शिवाय दंड, अशी शिक्षा आहे. २०२२ च्या सुधारणेने हा दंड किमान २५,००० रुपये झाला.
- शिक्षण, शास्त्रीय संशोधन अशा नेमक्या प्रयोजनांसाठी मुख्य वन्यजीव रक्षक लेखी परवाना देऊ शकतात. दिवाणखान्याची शोभा हे त्या प्रयोजनांत बसत नाही.

शहरातील शोभिवंत माशांच्या दुकानांतून ‘हे टाकीतच जन्मलेले आहेत, यांना काही लागत नाही’ असे सांगितले जाते, ते विशेष सावधपणे ऐकावे. बंदिवासात पैदा झालेला अनुसूचित प्राणीही कायद्याच्या व्याख्येत येतो, आणि दुकानदाराची पावती ही वनखात्याची सनद नव्हे. विक्रेत्याने सरकारी परवानगीचा दस्तऐवज दाखवला नाही तर व्यवहार तेथेच थांबवावा, हेच शहाणपण. कारण मुद्देमाल जप्त होतो तो घेणाऱ्याच्या घरातून. हीच दक्षता ‘लाइव्ह रॉक’ या नावाने विकल्या जाणाऱ्या पोवळ्यांच्या खडकाविषयीही ठेवावी; प्रवाळांनाही असेच संरक्षण आहे, आणि समुद्रघोडा नको म्हणून केवळ सजावटीला प्रवाळाचा तुकडा आणणारा मनुष्य एका कलमातून सुटून त्याच कलमात सापडतो.

परदेशातील आप्तांकडून सामानात घालून एखादी जोडी आणविण्याचा विचार कोणी करीत असल्यास तोही सोडून द्यावा. सीमा ओलांडताना निर्यात-आयातीची कागदपत्रे लागतात, आणि प्लास्टिकच्या पिशवीतून आलेला समुद्रघोडा कस्टमच्या टेबलावरून पुढे सरकत नाही.

जाळ्यात किंवा बादलीत समुद्रघोडा आला तर

होडीवर असाल तर प्रश्न सोपा आहे : जिवंत असेल तर त्याच क्षणी, त्याच पाण्यात परत सोडावा. हाताळताना हात ओले असावेत, आणि त्याला हवेत फार वेळ धरू नये, कारण नराच्या पोटाच्या पिशवीत हवा शिरल्यास तो पुढे पाण्यात तोल सावरू शकत नाही. मेलेला असेल तर वाळवून ठेवण्याचा मोह नको. वाळलेला समुद्रघोडा जवळ बाळगणे हाही गुन्हाच आहे.

तो घरी येऊन पोचला असेल तर पुढील क्रमाने वागावे :

१. ज्या समुद्राच्या पाण्यात तो आला तेच पाणी राहू द्यावे. नळाचे किंवा विहिरीचे पाणी घालू नये. घरगुती मीठ कालवून ‘खारे’ केलेले पाणीही नको.

२. एअर पंप असल्यास मोठे बुडबुडे सुटतील अशी मंद हवा द्यावी. बादली सावलीत, वर्दळीपासून दूर ठेवावी.

३. वनखात्याच्या ‘हॅलो फॉरेस्ट’ या सेवेच्या १९२६ क्रमांकावर खबर द्यावी, आणि ते सांगतील त्याप्रमाणे नर व पिल्ले दोन्ही समुद्रात पोचवावीत. खबर दिल्याची वेळ लिहून ठेवावी.

पिल्ले परत सोडण्यात निष्ठुरता आहे असे वाटण्याचे कारण नाही. आईबाप त्यांचा सांभाळ समुद्रातही करीत नाहीत; जन्मतःच ती स्वतंत्र होतात, प्रवाहाबरोबर वाहतात आणि प्लवंगांवर पोसतात. हजारांतील मोजकीच मोठी होतात हे खरे, परंतु समुद्रात त्यांच्याभोवती चोवीस तास योग्य आकाराचे जिवंत अन्न असते, आणि बादलीत ते अजिबात नसते.

मच्छीमार बांधवांसाठी एक हक्काची गोष्ट येथेच नोंदवतो. समुद्रघोड्यापायी जाळे कापण्याची वेळ येत नाही, परंतु कासव, बहिरी (व्हेल शार्क) यांसारखा संरक्षित प्राणी अडकून तो सोडवताना जाळे कापावे लागले, तर राज्याचा मत्स्यव्यवसाय विभाग आणि कांदळवन कक्ष यांच्या २०१८ च्या योजनेनुसार २५,००० रुपयांपर्यंत नुकसानभरपाई मिळू शकते. त्यासाठी सुटकेची छायाचित्रे काढून ठेवणे अगत्याचे आहे.

ज्यांना रीतसर पाळता येतात, त्यांनी जात कोणती निवडावी

आपल्या किनाऱ्यावरच्या पिवळ्या समुद्रघोड्याच्या बंदिस्त संगोपनावर गोव्यातील दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत शास्त्रज्ञांनी प्रयोग केले आहेत. तथापि ही जात नवशिक्याच्या कामाची नव्हे. तिची पिल्ले सुमारे ७ मिलिमीटरची, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी, आणि पहिले दोन-तीन आठवडे काहीही न पकडता पाण्याच्या वरच्या थरात तरंगत राहणारी असतात. अमेरिकेत सर्रास मिळणारी रेषांकित जात, जिचे शास्त्रीय नाव ‘हिपोकॅम्पस इरेक्टस’, तिची पिल्ले थोडी मोठी असतात, शेपटीने आधार लवकर पकडतात आणि आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातील इवल्या कवचधारी जीवाची अंड्यांतून उबवलेली पिल्ले, पहिल्या दिवसापासून गिळू शकतात. ऑस्ट्रेलियात मोठ्या पोटाच्या समुद्रघोड्याची पैदास होते; टास्मानियातील ब्यूटी पॉइंट येथील त्यांचे संवर्धन-केंद्र प्रेक्षकांनाही खुले असते. ही जात थंड पाण्याची असल्याने पाणी गार ठेवणाऱ्या यंत्राचा खर्च आधी मोजावा. नवशिक्याने इरेक्टसपासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रसूतीपूर्वीची तयारी

अंडी मादीची, परंतु गर्भभार नराचा. मादी त्याच्या पोटाच्या पिशवीत अंडी घालते, आणि जात व पाण्याची ऊब यांनुसार दोन ते चार आठवड्यांनी, बहुधा रात्री किंवा पहाटे, तो शरीर वाकवून आचके देत पिल्ले बाहेर टाकतो. संख्या काही डझनांपासून हजारापर्यंत असू शकते. प्रसूतीनंतर काही तासांतच तो पुन्हा गर्भभार घेण्यास तयार होतो, म्हणजे आपण पहिल्या वेतात दमला असलात तरी दुसरे वेत आपल्या सोयीची वाट पाहणार नाही.

मोठ्या टाकीच्या फिल्टरच्या तोंडावर स्पंज बांधून ठेवावा, नाहीतर पहाटेपर्यंत पिल्ले आत ओढली जातात. पिल्ले उचलताना जाळी वापरू नये. लहान पेल्याने, पाण्यासकट उचलावीत. बापाला हलवू नये, पिल्लांनाच हलवावे.

पिल्लांची टाकी ४० ते ६० लिटरची, आतून अगदी मोकळी, वाळू-खडीवाचून असावी. तळ मोकळा ठेवण्याचे कारण एवढेच की, दिवसातून दोनदा तो सायफनने स्वच्छ करावा लागतो. तिच्या चारही बाजूंना बाहेरून काळा कागद लावून उजेड फक्त वरून, मंद असा द्यावा. काचेवर चकाकी दिसली की पिल्ले कोपऱ्यांत आणि काचेपाशी गर्दी करतात आणि अन्न दुसरीकडेच राहते. लिटरमागे दोन, फार तर तीन पिल्ले एवढीच दाटी सोसते. म्हणजे तीनशे पिल्ले झाल्यास दीडशे लिटर पाणी हवे, आणि तेवढ्या तोंडांना दिवसातून चार वेळा जिवंत अन्न हवे. जितक्यांना खाऊ घालता येईल तितकीच ठेवावीत, हे ऐकावयास कठोर वाटले तरी शंभर अर्धपोटी पिल्लांपेक्षा तीस पोटभर पिल्ले अधिक जगतात.

उरलेली पिल्ले समुद्रात सोडावीत काय? परदेशातील वाचकांस उत्तर नकारार्थी आहे. टाकीत जन्मलेला प्राणी टाकीतील रोग घेऊन जातो, आणि बहुधा तो त्या किनाऱ्याचा मूळचा रहिवासीही नसतो. रत्नागिरीच्या जाळ्यात सापडलेला समुद्रघोडा तात्काळ समुद्रात जावा, आणि टाकीत जन्मलेला कधीही जाऊ नये, हा भेद वाचकांनी विसरू नये.

हवा : अदृश्य शत्रू

जन्मल्यानंतर लवकरच पिल्लू पृष्ठभागाशी येऊन हवेचा एक घोट घेते आणि आपली वायुपिशवी भरते; हे एकदाच व्हावयाचे असते. पाण्यावर तेलकट साय धरली असेल तर हा घोट नीट घेता येत नाही, म्हणून प्रसूतीच्या आदल्या दिवसांत पृष्ठभाग कागदाने टिपून स्वच्छ ठेवावा. परंतु पुढे अन्न शोधत शोधत पिल्लू पुनःपुन्हा पृष्ठभागाशीच टोचू लागले तर अन्नाऐवजी हवा पोटात जाते, पोट फुगते आणि ते उलटे-आडवे होऊन वर तरंगत राहते. अशी पिल्ले क्वचितच वाचतात.

बारीक बुडबुडे सोडणारा हवेचा दगड येथे अपायकारक होतो, कारण सूक्ष्म बुडबुडे अन्न समजून गिळले जातात. ताठ नळीचे उघडे तोंड तळाशी ठेवून सेकंदाला एक-दोन मोठे बुडबुडे सुटतील एवढीच हवा द्यावी, म्हणजे पाणी हळूहळू फिरते, पिल्ले व अन्न दोन्ही मधल्या थरात राहतात, आणि पृष्ठभागही हलता राहतो.

अन्न : खरी परीक्षा येथे आहे

समुद्रघोड्याला दात नाहीत आणि जठरही नाही. लांब तोंडाने तो भक्ष्य अखंड ओढून घेतो, ते आतड्यातून झपाट्याने पुढे जाते, आणि थोड्या वेळाने तो पुन्हा भुकेला होतो. मोठ्यांच्या बाबतीत ही अडचण, पिल्लांच्या बाबतीत ती जीवन-मरणाची बाब. जन्मल्यापासून काही तासांत पहिले अन्न, आणि त्यानंतर दिवसाकाठी तीन ते पाच वेळा, यात सूट नाही.

पिल्लाचे खाणे भिंगातून एकदा पाहावे. ते एका जागी उभे राहते, दोन्ही डोळे स्वतंत्रपणे फिरवते, मग दोन्ही एकाच कणावर रोखते, मान किंचित खाली घेते, आणि पुढच्या क्षणी तो कण तेथे नसतो. आर्टेमिया खाल्लेल्या पिल्लाचे पारदर्शक पोट नारिंगी दिसते. ज्याचे पोट सकाळी दहा वाजताही रंगहीन आहे ते पिल्लू आजारी तरी आहे किंवा उपाशी तरी. त्याच भिंगातून तळावरची विष्ठाही पाहावी. तीत अखंड, नारिंगी आर्टेमिया जशीच्या तशी दिसली, तर पिल्लू खात आहे पण पचवीत नाही, असे समजावे, आणि अन्न बदलावे.

पहिल्या दिवसांचे उत्तम अन्न म्हणजे कोपेपॉड हे सूक्ष्म कवचधारी प्राणी आणि त्यांची पिल्ले. तरंगत्या जातींच्या पिल्लांना तर त्यांवाचून गत्यंतर जवळजवळ नाहीच. त्यांची पैदास सूक्ष्म शैवालावर निराळ्या भांड्यात करावी लागते, आणि ती नराचे पोट दिसू लागताच सुरू करावी. रोटिफर हे आणखी एक सूक्ष्म जीव वाढवणे त्यापेक्षा सोपे, परंतु समुद्रघोड्याच्या पिल्लाला त्याचे पोषण पुरत नाही.

सर्वांच्या हातातले अन्न आर्टेमिया. ते तयार करण्याची रीत अशी : शीतपेयाची एक लिटरची बाटली बूड कापून उलटी टांगावी, तीत लिटरला साधारण २५ ग्रॅम या प्रमाणात आयोडीनविरहित मीठ घातलेले पाणी भरावे, १ ते २ ग्रॅम अंडी टाकावीत, तळापासून जोराची हवा द्यावी, वर दिवा लावावा आणि पाणी २८ अंशांच्या आसपास ठेवावे. साधारण एक दिवसात अंडी फुटतात. मग हवा बंद करून दहा मिनिटे थांबावे. रिकामी टरफले वर येतात, न फुटलेली अंडी अगदी तळाला बसतात, आणि मधल्या नारिंगी थरात पिल्ले असतात. तळाचे पहिले पाणी टाकून द्यावे, मधले घ्यावे. टरफल पोटात गेल्यास लहान पिल्लाचे आतडे तुंबते. म्हणून जाणकार मंडळी अंड्यांचे कवच ब्लीचने आधीच विरघळवून, सोडियम थायोसल्फेटने क्लोरीन मारून, मगच ती उबवतात.

उबवणीचे पाणी टाकीत कदापि ओतू नये. त्यात व्हिब्रियो जीवाणूंची दाट वस्ती असते. आर्टेमियाची पिल्ले बारीक गाळणीत धरून गोड्या पाण्याने धुवावीत. दुसरी काळजी पोषणाची : आर्टेमिया जन्मल्यानंतर काही तासांनी तोंड उघडते, आणि तोवर अंगातील सत्त्व खर्चीत असते. म्हणून पहिली एक-दोन खाणी ताज्या उबवणीची द्यावीत, आणि नंतरची खाणी मेदाम्लयुक्त पोषक द्रावणात १२ ते २४ तास ठेवलेल्या आर्टेमियाची. एका वेळचे अन्न दुसऱ्या वेळेपर्यंत संपेल एवढेच टाकावे. दिवसभर टाकीत फिरणारी आर्टेमिया दिसावयास अन्न असते, पण तिच्यात सत्त्व उरलेले नसते.

पहिले दोन महिने

सुरुवातीचे पंधरा दिवस सारे लक्ष अन्न आणि स्वच्छता यांवर ठेवावे. सकाळ-संध्याकाळ तळ साफ करून पाव ते अर्धे पाणी बदलावे. नवे पाणी क्षारतेने व तापमानाने जुन्यासारखेच असावे. इरेक्टस जातीला २२ ते २५ अंश, पिवळ्या समुद्रघोड्याला २६ ते २८ अंश मानवतात, क्षारता दर हजारी ३० ते ३५ असावी, आणि अमोनिया व नायट्राइट शून्य. तपासणी-संच आणून त्यांची रोज तपासणी करावी, अंदाजावर राहू नये.

दोन-तीन आठवड्यांच्या सुमारास, इरेक्टसच्या बाबतीत त्याआधीच, शेपट्या आधार शोधू लागतात. आधार नसेल तर पिल्ले एकमेकांच्या शेपट्या व माना धरतात, त्यात दुबळी दमून जातात. नायलॉनच्या जाळीचे तुकडे किंवा प्लास्टिकच्या बारीक फांद्या तेव्हा आत सोडाव्यात, आणि दर दोन-तीन दिवसांनी काढून धुवाव्यात.

महिन्या-दीड महिन्यानंतर गोठवलेल्या मायसिस कोळंबीची सवय लावण्यास आरंभ होतो. बारीक कापलेले तुकडे जिवंत अन्नाबरोबर, मंद प्रवाहात हलते ठेवून द्यावेत. स्थिर पडलेल्या घासाकडे समुद्रघोडा ढुंकूनही पाहत नाही. काही पिल्ले आठवड्यात शिकतात, काही महिनाभर हट्ट धरतात. जिवंत अन्न एकदम बंद केल्यास हट्टी पिल्लू उपाशी मरते, पण शिकत नाही.

आणखी एक शत्रू उशिरा ओळखू येतो, तो म्हणजे हायड्रॉइड. काचेवर धाग्यासारखे बारीक, पांढरट जीव दिसू लागले आणि पिल्ले विनाकारण मरू लागली, तर हेच समजावे. ते डंख मारतात, पिल्लांचे अन्नही खातात आणि बहुधा आर्टेमियाबरोबरच आलेले असतात. टाकी रिकामी करून, ब्लीचने धुऊन, उन्हात वाळवून पुन्हा भरणे हा सर्वांत खात्रीचा इलाज. म्हणून दुसरी टाकी आधीपासून तयार ठेवावी.

इतके करूनही पहिल्या वेतातील बहुतेक पिल्ले हातची जातात. पुस्तकी आकड्यांवरून आशा बांधू नये.

रत्नागिरीत राहूनच हा छंद करावयाचा असल्यास

विदूषक मासा, ज्याला दुकानांतून क्लाउनफिश म्हणतात, तो वन्यजीव कायद्याच्या अनुसूचीत नाही, समुद्रफुलावाचूनही टाकीत जोडी करून अंडी घालतो, आणि त्याच्या पिल्लांच्या संगोपनात रोटिफर, आर्टेमिया, सूक्ष्म शैवाल, सायफन हे सर्व तेच लागते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने मंडपम व विळिंजम येथे त्याची पैदास यशस्वी केली आहे, आणि महाराष्ट्रात ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही त्याचे संवर्धन झाले आहे. मासे विकत घेताना टाकीत पैदा झालेलेच घ्यावेत, प्रवाळ-खडकांवरून पकडून आणलेले नकोत.

नर अंड्यांची राखण करतो. सात ते दहा दिवसांनी, दिवे मालवल्यावर अंडी फुटतात. तीन-चार मिलिमीटरच्या पिल्लांना पहिले अन्न रोटिफर, दर मिलिलिटरला पाच ते दहा या दाटीने. साधारण आठवडाभराने आर्टेमिया. आणि दहाव्या ते पंधराव्या दिवसाच्या दरम्यान त्यांच्या अंगावर पहिला पांढरा पट्टा उमटतो. हा टप्पा ओलांडलेली पिल्ले सहसा जगतात.

आपल्या गावच्या काही खास अडचणी मात्र ध्यानात असू द्याव्यात :

- समुद्राचे पाणी भरतीच्या वेळी, खाडीच्या मुखापासून दूर घ्यावे. भाट्याच्या खाडीलगतचे पाणी पावसाळ्यात गोडसर आणि गढूळ होते, आणि बंदरातील पाण्यावर डिझेलचा तवंग असतो. पावसाळ्यापुरता साठा मे महिन्यातच, खाद्यपदार्थांसाठी चालणाऱ्या झाकणाच्या पिंपांत, अंधारात करून ठेवावा. फडक्याने गाळून, क्लोरीनने निर्जंतुक करून, थायोसल्फेटने क्लोरीन मारून आणि हवा देऊनच वापरावा.
- टाकीतील पाणी बाष्प होऊन कमी होते तेव्हा मीठ मागे राहते. म्हणून भर गोड्या पाण्याची घालावी, खाऱ्याची नव्हे. क्षारतामापकावाचून हा छंद करूच नये.
- आर्टेमियाचा डबा एकदा उघडला की कोकणातील दमट हवेत अंडी ओल धरतात आणि फुटेनाशी होतात. घट्ट झाकणाच्या बरणीत, फ्रिजमध्ये ठेवावीत.
- श्रावणातल्या वादळी रात्री वीज गेली की पहिला बळी पिल्लांचा. बॅटरीवर चालणारा एअर पंप ही चैन नव्हे.

कोठे जावे, काय मागावे

झाडगाव येथील सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्र, जे १९५८ पासून चालू असून दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे, तेथील मत्स्यालय व संग्रहालय पाहून सागरी टाकी कशी राखतात याचा अंदाज घ्यावा. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात प्रशिक्षणाची चौकशी करावी. १९८१ साली स्थापन झालेल्या या महाविद्यालयातील जाणकाराशी एक तास बोलणे हे दहा चित्रफिती पाहण्यापेक्षा अधिक उपयोगी.

छंदाचा व्यवसाय करावयाचा असेल तर प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत, जी २०२०-२१ पासून राबवली गेली, परसातील शोभिवंत मत्स्यसंवर्धनाचे एकक धरलेले आहे : प्रकल्पखर्च ३ लाख रुपये, त्यावर सर्वसाधारण लाभार्थ्यास ४० टक्के आणि महिला तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थ्यांस ६० टक्के अर्थसाहाय्य. चालू वर्षी अर्ज स्वीकारले जात आहेत काय, निधी शिल्लक आहे काय, हे जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात लेखी विचारावे आणि उत्तरही लेखीच मागावे. अर्जात माशाची जात स्पष्ट लिहावी. तोंडी ‘होऊन जाईल’ यावर विसंबून टाक्या, पंप व शेड यांत पैसा घालू नये.

आणि ज्यांच्या बादलीत आज, या घडीला, एखादा समुद्रघोडा आहे, त्यांनी टाकीची मापे काढण्याऐवजी १९२६ हा क्रमांक आधी लावावा.